"मांडीवर टकले म्हातारे" म्हणणाऱ्यांना

शब्दफुला:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "पंधराव्या शतकातल्या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकारांना बाळ काढताच येत नव्हतं, मेरीच्या मांडीवर टकले म्हातारे बसवलेत." वाचून डोकं फिरलं. यान व्हान आयकनं सिंहासनावरच्या पितळी सिंहांची चकाकी टिपली, आणि त्याला गाल जमले नाहीत? फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयातली त्याची 'लुका मॅडोना' (मेरी आणि बाळ येशूचं चित्र, सुमारे १४३७) बघा. अंगावर पिणारं बाळ ताठ आहे, कारण खाली पांढरं वस्त्र अंथरलंय. मांडी म्हणजे वेदी, बाळ म्हणजे वेदीवरचा प्रसाद.

उंबरठा:
अर्थ लावाल तेवढे थोडे. दोन पोरं वाढवलीत मी. अंगावर पिणारं बाळ पाठीत काठी घातल्यासारखं बसत नाही. डोकं कोपराच्या खळग्यात, मूठ पदरात.

शब्दफुला:
मग माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली रोखिर व्हान डर वेइडनची मेरी बघा. बाळ तिच्या मांडीवरच्या पोथीची पानं चुरगाळतंय. भाच्यानं आमच्या घरच्या ज्ञानेश्वरीचं हेच केलं होतं. बाळाकडे बघितल्याशिवाय हे सुचत नाही.

साधाभोळा:
ही भक्तीची चित्रं आहेत, पाजण्यावर एवढा काथ्याकूट कशाला? चर्चनंच १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेत धर्मचित्रांत कामुकता नको म्हणून ठरवलं. चारचौघांत आडोसा बराच.

उंबरठा:
पाजणं कामुक? शब्द मागे घ्या. मे महिना, एसटी स्टँड, चार महिन्यांची लेक भुकेनं लालबुंद. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, आडोशाला जा." आडोसा कुठला, तर मुतारी. तिथल्या वासात उभ्यानं पाजलं मी. लंडनच्या नॅशनल गॅलरीत रॉबर्ट कॅम्पिनच्या परंपरेतलं चित्र आहे. मेरी घरात शेकोटीपुढे बसलीय, दोन बोटांत स्तन धरून बाळापुढे करतेय. शेकोटीचा विणलेला गोल आडोसा नेमका तिच्या डोक्यामागे आलाय, तीच तिची प्रभावळ. असा आडोसा द्या, बसते त्याच्यापुढे.

साधाभोळा:
त्या चित्रातलं उजवीकडचं कपाट आणि प्याला एकोणिसाव्या शतकात जोडलेत, हेही सांगा.

उंबरठा:
जोडू देत. आडोसा मूळचा आहे.

साधाभोळा:
'कामुक' शब्द चुकला. मुतारीत पाठवणाऱ्याच्या बाजूनं मी नाही. बाकी मत कायम.

शब्दफुला:
अहो, विषय बाळांचा होता!

उंबरठा:
वेदीचं पटलं. पोथीचं तर पटलंच. पण लुकातल्या त्या बाळाची मान अजून मला अवघडलेली दिसते, आणि हात आपोआप खाली द्यावासा वाटतो.