26 जूनचा व्हिडिओ लावायचा की नाही?

(रहिवासी ग्रुप, फक्त कामाचे मेसेज)

जोशी काका, सेक्रेटरी: 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन. संध्याकाळी 7 वाजता क्लब हाउसमध्ये वर टाकलेला नशाविरोधी व्हिडिओ दाखवायचा विचार आहे. मुलांना घेऊन यावे. सूचना असल्यास आजच सांगा, नंतर कुरकुर नको.

वैशाली वहिनी, ए-402: बापरे, ती सुई आणि मग एकदम कवटी! अंगावर काटा आला. असंच काहीतरी दाखवायला हवं पोरांना.

शेख काका: उत्तम. माझ्या तीन ग्रुपवर फॉरवर्ड केला.

ओंकार, बी-104: काका, रागावू नका. पण कॉलेजात असले व्हिडिओ लावतात तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकते.

जोशी काका: मागच्या बाकावर तू काय करत होतास ते आधी सांग.

मीनल, सी-203: काका, ओंकारचं अगदीच चुकीचं नाही. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, हा विषय दरवर्षी येतो. लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून अशा जाहिराती दाखवून झाल्यात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2009 मध्ये सिगारेट ओढणाऱ्या 18 जणांना काही भडक, झगमगाटी जाहिराती दाखवल्या आणि काही साध्या. भडक जाहिरातींच्या वेळी मेंदूच्या मागचा, डोळ्यांनी दिसणारं हाताळणारा भाग जोरात चालला. साध्या जाहिरातींच्या वेळी कपाळामागचा भाग जास्त कामाला लागला, आणि नंतर आठवणीतही त्याच जास्त राहिल्या.

वैशाली वहिनी: म्हणजे माझा काटा फुकट?

मीनल: तुमच्यापुरता खरा आहे वहिनी! पण तुम्ही उभ्या आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. ज्याच्यासाठी हा व्हिडिओ आहे तो बघताबघता मनात भांडत असतो, "आमचा अमका दोन वर्षं ओढतोय, त्याची कुठे कवटी झाली?" कॅलिफोर्नियात रेने वेबर यांच्या गटाने 2015 मध्ये गांजाविरोधी जाहिरातींवर हेच तपासलं. नशेकडे झुकण्याचा धोका ज्यांना जास्त, त्यांना कुठलीही जाहिरात दाखवा, पटलीच नाही म्हणतात. त्यामुळे त्यांना विचारून चांगली कुठली, वाईट कुठली ते कळत नाही. मेंदूच्या नोंदींवरून मात्र थोडाफार अंदाज बांधता आला.

वॉचमन केबिन: टँकर आला आहे. गेटसमोरच्या दोन ॲक्टिव्हा काढा.

डॉ. सबनीस, डी-601: मी रोज याच मशीनवर काम करतो म्हणून सांगतो, ते विचार वाचत नाही. मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातला ऑक्सिजन कसा बदलतो तेवढं दिसतं, बाकी अर्थ आपण लावतो. आणि 18 माणसं म्हणजे आपल्या एका मजल्यावरची माणसं, डॉक्टरीत याला कुणी ठोस पुरावा म्हणत नाही.

मीनल: मान्य. म्हणूनच मला 2012 चा अभ्यास जास्त आवडतो, त्यात बाहेरच्या जगाशी ताळा घातलाय. एमिली फॉक आणि सहकारी, लॉस एंजेलिस. सिगारेट सोडायची इच्छा असलेल्या 30 जणांना मशीनमध्ये अ, ब आणि क अशा तीन मोहिमांच्या टीव्ही जाहिराती दाखवल्या. "यातली कुठली चालेल?" विचारलं, तर त्यांनी लावला ब, अ, क असा क्रम. कपाळामागे मधोमध एक भाग असतो, स्वतःबद्दल विचार करताना तो जागा होतो. तो कुठल्या जाहिरातीला किती जागा झाला यावरून क्रम निघाला क, ब, अ. मग त्या जाहिराती प्रत्यक्ष टीव्हीवर लागल्यावर सिगारेट सोडण्याच्या हेल्पलाइनला फोन किती वाढले ते मोजलं. क, ब, अ. लोकांनी शेवटी टाकलेली जाहिरात पहिली आली!

डॉ. सबनीस: हा ताळा चांगला आहे. पण तीनच मोहिमा, आणि माणसं आधीच सोडायच्या विचारात असलेली. ज्याने अजून सुरूच केलं नाही अशा सोळा वर्षांच्या पोराला हे लागू होईल असं मी म्हणणार नाही.

जोशी काका: डॉक्टर, तुम्ही दोघं मिळून आमचा कार्यक्रम रद्द करणार बहुतेक. निदान नुकसान तरी नाही ना? दाखवायला काय जातंय?

मीनल: तिथेच तर गोम आहे काका. अमेरिकेने 1998 ते 2004 मुलांसाठी नशाविरोधी जाहिरातींची प्रचंड मोहीम चालवली, संसदेने जवळपास एक अब्ज डॉलर दिले. 2008 मध्ये मूल्यमापन छापून आलं. जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांनी गांजा कमी ओढला, असं काही दिसेना. उलट काही ठिकाणी ओढण्याकडे कल वाढल्याची चिन्हं होती. अभ्यासकांचा एक तर्क असा की सतत हेच कानावर पडल्याने मुलांना वाटलं, अरे, सगळेच करताहेत की!

शेख काका: 1987 ची त्यांची ती अंड्याची जाहिरात आठवते. अंडं फोडून तापलेल्या तव्यात, आणि हा म्हणे नशेतला मेंदू. आमच्याकडे त्याला हाफ फ्राय म्हणतात.

ओंकार: काका

ओंकार: आपल्या व्हिडिओत पहिलंच वाक्य आहे "आज प्रत्येक कॉलेजात पोहोचलेलं विष".

मीनल: ते तर आधी कापा.

जोशी काका: आणि कवटी?

मीनल: तीही. माझं मत विचाराल तर व्हिडिओऐवजी पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन आलेला कुणी असेल तर त्याला बोलवा. भाषण नको. मुलांनी प्रश्न विचारायचे, त्याने उत्तरं द्यायची. आणि आईबाप मागे बसून माना डोलावणार असतील तर त्यांना वेगळ्या खोलीत चहा द्या.

वैशाली वहिनी: हे बरंय, आम्ही बाहेर!

जोशी काका: चार दिवसांत माणूस कुठून आणू? व्हिडिओच कापून लावतो. शेवटी 14446 आहे, केंद्र सरकारची हेल्पलाइन, फोन फुकट.

ओंकार: सुरुवात गेली, कवटी गेली. मग नंबरच उरला.

जोशी काका: मग त्याचं पोस्टर कर. उद्यापर्यंत.

ई-विंगचे एक रहिवासी: हा नंबर घरच्यांनी लावला तर चालतो का? नात्यात एकाला हवा आहे.

मीनल: चालतो. तुम्हाला पर्सनलवर मेसेज करते.

ओंकार: पोस्टर लिफ्टमध्ये लावू की नोटीस बोर्डावर? बोर्डासमोर कुणी थांबलं तर सगळ्यांना दिसतं.

जोशी काका: लिफ्टमध्ये. चारही. आणि ॲक्टिव्हा काढा रे, टँकरवाला हॉर्न मारतोय.