मदत हवी आहे – बफेलोच्या महापौरांवर लिहितोय, 'शेरीफ'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी, ग्रोव्हर क्लीव्हलँडवर छोटा लेख लिहायला घेतलाय, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून नाही तर त्याआधीचा न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातला वकील आणि मग तिथला महापौर म्हणून, कारण तोच भाग जास्त भारी आहे. कॉलेजचं तोंड न बघता ऑफिसात कारकुनी करत कायदा शिकला, 1859 ला वकील झाला, आणि 1882 च्या जानेवारीत महापौर. रस्ते झाडायच्या कंत्राटाचा किस्सा तर आपल्याला लगेच पटेल असा आहे, नगरसेवकांनी सगळ्यात कमी बोलीवाल्याला सोडून एक लाख डॉलरपेक्षा जास्त महाग असलेल्याला काम दिलं, ह्याने नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं आणि वर सरळ लिहिलं की हा निर्लज्जपणे जनतेला फसवायचा डाव आहे. नगरसेवकांना गुपचूप माघार घ्यावी लागली. वर्ष संपायच्या आत गडी न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडूनही आला!

आता अडलंय ते असं, महापौर व्हायच्या आधी 1871 ते 73 तो इरी काउंटीचा (म्हणजे बफेलो ज्यात येतं त्या जिल्ह्याचा) शेरीफ होता. मुंबईच्या शेरीफला आपण नगरपाल म्हणतो पण ते मानाचं पद, हा तर तुरुंग सांभाळायचा आणि दोन गुन्हेगारांच्या फाशीचा खटका ह्याने स्वतः ओढलाय, दुसऱ्यावर ढकलला नाही. नगरपाल लिहिलं तर वाचणारा हारतुरेवाला माणूस समजेल ना? सरळ शेरीफच ठेवू का? आणि 'आल्डरमन'ला नगरसेवक चालेल का, कुणी आधी वापरलं असेल तर सांगा प्लीज, रविवारपर्यंत द्यायचाय.