मदत हवी आहे: मधुमेही उंदरांच्या हृदयात प्रीकंडिशनिंग लागू पडत नाही

लँगेनडॉर्फवर (शरीराबाहेर काढलेलं हृदय द्रावणाच्या प्रवाहावर चालू ठेवायची मांडणी) काम करणाऱ्यांना विचारतोय. विस्टार जातीचे उंदीर, चरबीयुक्त खाद्य आणि वर स्ट्रेप्टोझोटोसिनचा (इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारणारं रसायन) कमी डोस. म्हणजे लठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही. 35 मिनिटं प्रवाह बंद, मग 2 तास सुरू. आधी 5 मिनिटांच्या प्रीकंडिशनिंगची (मोठ्या खंडाआधी प्रवाह थोडा वेळ थांबवून हृदयाला तयार करणं) एक फेरी दिली की निरोगी हृदयात टीटीसीनंतरचा (जिवंत ऊती लाल करणारा रंग) फिका, म्हणजे मेलेला भाग स्पष्ट घटतो, मधुमेही हृदयात जैसे थे. तापमान, दाब, टीटीसीची नवी बाटली, सगळं बघून झालं. गोतो-काकिझाकी उंदरांत (आनुवंशिक मधुमेह असलेली जात) तीन फेऱ्यांनी संरक्षण मिळतं हे वाचलंय, पण ते उंदीर लठ्ठ नसतात, तिथेच घोडं अडलंय. द्रावणात ग्लुकोज 11 मिलिमोलर, इन्शुलिन नाही. प्रयोगासाठी मंजूर झालेले उंदीर संपत आलेत (नवी मंजुरी म्हणजे परत तेच कागद), एकच बदल परवडेल. फेऱ्या वाढवू, की आधी द्रावणात फॅटी आम्ल घालू?