'दॅट्स व्हॉट शी सेड'पेक्षा नटी आणि बिशपच बरे होते

धागाकर्ता:
परवा ऑफिसात एक जण प्रिंटरमध्ये कागद सरकवताना वैतागून म्हणाला "आत जातच नाहीये, किती जोर लावू", आणि मागून लगेच आलं "दॅट्स व्हॉट शी सेड", म्हणजे 'असं ती म्हणाली', साध्या वाक्याला चावट अर्थ चिकटवणारा शेरा. सगळे हसले. मला मात्र हे जुन्या ब्रिटिश विनोदाचं अर्धवट उरलेलं रूप वाटतं. तिकडे म्हणायचे "ॲज दि ॲक्ट्रेस सेड टु द बिशप", असं ती नटी बिशपला, म्हणजे चर्चच्या बड्या धर्मगुरूला, म्हणाली! एवढ्यात दोन पात्रं उभी राहतात, आणि टोला बसतो तो बिशपच्या सोवळेपणावर. लेस्ली चार्टरिसच्या कादंबऱ्यांमधल्या सायमन टेम्पलरच्या तोंडी १९३० च्या आसपास हे सर्रास होतं. अमेरिकन वाक्यात नुसती 'ती', कोण कुठली पत्ताच नाही.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. 'ती' कोण ते न सांगणं हीच गंमत आहे, म्हणून ते कुठल्याही वाक्याला लागतं. १९९२ च्या 'वेन्स वर्ल्ड' सिनेमात आलं तेव्हाही चाललं आणि २००५ ला अमेरिकन 'द ऑफिस' मालिकेतल्या मायकेल स्कॉट या बॉसने तर घराघरात नेलं. त्याच मालिकेच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीत तिथला बॉस डेव्हिड ब्रेंट नटी-बिशपच वापरतो, पण आज पोरं कोणाचं बोलतात ते बघा की.

प्रतिसाद २:
दोघंही शब्दांवर भांडताय, मी समोर बसणाऱ्या बाईच्या बाजूने बोलते. १९२९ ची हिचकॉकची एक साउंड टेस्ट आहे, 'ब्लॅकमेल' सिनेमासाठी, नटी अ‍ॅनी ओंड्रा. तो तिला आधी विचारतो की तू पुरुषांबरोबर झोपली आहेस का, ती लाजून हसते, तोंड फिरवते, मग तो म्हणतो, "नीट जागेवर उभी राहा नाहीतर नीट येणार नाही, असं ती मुलगी त्या सैनिकाला म्हणाली." डायरेक्टर तो, कॅमेरा त्याचा, काम हवंय तिला. हसण्याशिवाय ती करणार काय? मीही पहिल्या नोकरीत मीटिंगमध्ये "हे फारच लांबलंय" म्हटलं तर टीम लीडने हेच वाक्य चिकटवलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी बोलायच्या आधी प्रत्येक शब्द तपासायचे.

धागाकर्ता:
हे वाचून वाईट वाटलं. पण दोष त्या माणसाचा, वाक्प्रचाराचा कसा? मित्रमैत्रिणींत तेच वाक्य निखळ असतं.

प्रतिसाद २:
वाक्प्रचाराचाही आहे. लावणीत द्वयर्थी ओळ गाणारी स्वतः जाणून गाते. इथे मी साधं वाक्य बोलते आणि दुसरा ते उचलून त्याला घाण अर्थ लावतो, मला न विचारता. आणि 'ती म्हणाली' म्हणता, तिने तर काहीच म्हटलेलं नसतं!

प्रतिसाद १:
ताई, मालिकेत तेच दाखवलंय ना. दुसऱ्या सीझनमध्ये लैंगिक छळावरचा अख्खा भाग आहे, मायकेलला असले विनोद बंद कर म्हणून बजावतात आणि त्याला काही राहवत नाही. प्रेक्षक त्याला हसतो, त्याच्याबरोबर नाही.

प्रतिसाद २:
मालिकेत ठीक आहे. पण लोकांनी मायकेल उचलला, त्याच्यावरची टीका तिथेच राहिली. २०१३ च्या आपल्या पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात, लैंगिक अर्थाची शेरेबाजी छळ म्हणून स्पष्ट लिहिलीय. पुढच्या वेळी प्रिंटरपाशी सगळे हसतील तेव्हा कोण हसत नाहीये ते बघा.