प्रति: मोठी वॅगन घ्यावी का?

मुरघासासाठी (खड्ड्यात दाबून, हवाबंद करून मुरवलेला चारा) शेतातून चारा उचलून आणणारी वॅगन मोठी घ्यावी का, असं विचारलंय. वॅगन मोठी तितक्या खेपा कमी, हे गणित बरोबर. पण आमच्या चिकोडीकडच्या पाणंदीत समोरून उसाची ट्रॉली आली की मागं सरताना घाम फुटतो. आकारापेक्षा मी आधी वॅगनमधल्या सुऱ्या बघेन. वॅगन उभं गवत कापत नाही, कापून टाकलेली ओळ उचलते, आणि तुकडाही साधारण ४ सेंटीमीटरचा पाडते. कुट्टी यंत्राचा तुकडा १-२ सेंटीमीटरचा. सुऱ्या बोथट झाल्या की तुकडे लांब, मग खड्ड्यात ट्रॅक्टर कितीही फिरवा, दाब बसत नाही, हवा राहते, बुरशी आलीच.

गेल्या श्रावणात ओला नेपिअर (हत्तीगवत) न सुकवताच भरला. तिसऱ्या दिवशी खड्ड्याच्या तोंडातून काळं पाणी, आणि वास असा की म्हशीनं तोंडच फिरवलं. आता मूठभर चारा पिळून बघतो, हाताला पाणी सुटलं तर भरत नाही.