एक्सायटॉनचा सुपरफ्लुइड: १०० केल्विनचं तुणतुणं

थंडगार: शेजारच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय, "द्विमितीय पदार्थांत १०० केल्विनला एक्सायटॉनचा सुपरफ्लुइड सिद्ध झाला." कधी? एक्सायटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची जोडी; सुपरफ्लुइड म्हणजे अशा जोड्यांचं रोधाशिवाय वाहणं. नेचर नियतकालिकातल्या २०१९च्या प्रयोगात मॉलिब्डेनम डायसेलेनाइड आणि टंगस्टन डायसेलेनाइड यांच्या पातळ थरांमधलं टनेलिंग (मधल्या विद्युतरोधकातून इलेक्ट्रॉनचं आरपार जाणं) आणि त्यातून निघणारा प्रकाश मोजला. दावा कंडेन्सेशनचा, म्हणजे जोड्या एकाच क्वांटम स्थितीत गोळा होण्याचा होता. एक्सायटॉन वाहताना रोध किती, हे त्यात मोजलेलंच नाही.

होलसेल: मग २०२५चा परफेक्ट ड्रॅग? एका थरात जेवढा प्रवाह सोडला तेवढाच दुसऱ्यात, उलट्या दिशेने. अजून काय हवं, आरती ओवाळू?

थंडगार: गुणोत्तर १ आलं म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल जोडीनं चालतात, एवढंच. जोडी रखडत चालली तरी १च येणार! हा ड्रॅग मोजणाऱ्या बर्कलीच्या गटाने त्याच पेपरात लिहिलंय, सुपरफ्लुइडचा पुरावा मिळाला नाही. गोषवारा तरी वाचा.

सहापदरी: पण मोजणार कशाने? खरं रडगाणं कॉन्टॅक्टचं, म्हणजे थराला जोडलेल्या धातूच्या टोकांचं आहे. टंगस्टनवाल्या थरातल्या होलना प्लॅटिनम चालतं. मॉलिब्डेनमवाल्यात इलेक्ट्रॉन घालायला गेलं, की तापमान उतरताच कॉन्टॅक्टचा रोध आभाळाला भिडतो. दोनच टोकं असली तर तो रोध एक्सायटॉनच्या रोधात मिसळून येतो. प्रत्येक थराला चार कॉन्टॅक्ट आणि वेगळं कॉन्टॅक्ट-गेट (कॉन्टॅक्टजवळचे वाहक वाढवणारा इलेक्ट्रोड) नसेल, तर शून्याच्या गप्पा नकोत.

होलसेल: त्यापेक्षा दोन थरांमधला विद्युतरोधक बोरॉन नायट्राइड पातळ करा. त्याचे दोन पदर (अणूंचे थर) ठेवले की जोडी घट्ट.

सहापदरी: आणि गळती कोण निस्तरणार? एक पदर ०.३३ नॅनोमीटर. २०१९मध्ये दोन-तीन पदर चालले, कारण टनेलिंगच हवं होतं. वाहतूक मोजायची तर ५-६ पदर, म्हणजे साधारण २ नॅनोमीटर. त्यात पॉलिकार्बोनेटचा स्टॅम्प (थर उचलून एकावर एक ठेवायचा प्लॅस्टिकचा ठसा) घाईने टेकवला की बुडबुडे अडकतात. तिथे थरांतलं अंतर वाढतं, घनता बदलते. टेकलेली कड सावकाश सरकू द्यायची. उरलेले बुडबुडे एएफएमच्या (अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या) टोकाने दाबत कडेला न्यायचे. हे कुणी पेपरात लिहीत नाही आणि मग नमुने फुकट जातात.

थंडगार: धागा सुपरफ्लुइडचा होता, स्टॅम्पचा नव्हे.

सहापदरी: नमुनाच नसेल तर तुमचा सुपरफ्लुइड वाहणार कुठे, फळ्यावर?

होलसेल: बरं, २०१९बद्दल माघार. पण २००४मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या दुहेरी थरांत उलटप्रवाहाचा (दोन थरांत विरुद्ध दिशांनी सोडलेल्या प्रवाहाचा) रोध शून्याकडे घसरला, ते तरी मानाल की तिथेही खोट काढाल?

थंडगार: मानतो. जबर चुंबकीय क्षेत्र, एका केल्विनच्याही बरंच खाली तापमान, आणि दोन अर्ध्या भरलेल्या लँडाउ पातळ्या (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनना मिळणाऱ्या ठरावीक ऊर्जापातळ्या). त्याचा टेकू १०० केल्विनला लावू नका.