सल्ला हवा: अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांचे डेटालिंक संदेश, 60 युरोत

डब्लिनकर: फ्लॅट डब्लिनमध्ये, बाल्कनी उत्तरेकडे. विमानं शॅनविककडे (पूर्व अटलांटिकवरचं हवाई नियंत्रण) ओशनिक क्लिअरन्स, म्हणजे महासागर ओलांडायची परवानगी, मागतात ते संदेश आणि त्यांची उत्तरं वाचायची आहेत. लॅपटॉपवर लिनक्स. बजेट अँटेनासकट 60 युरो.

रेडिओबुवा: एअरस्पाय आर2 हा रिसीव्हर घ्या, विषय संपला. विमानांच्या मजकूर संदेशांचा जुना एकार्स (131.525, 131.725 मेगाहर्ट्झ) आणि त्याचा नवा, वेगवान भाऊ व्हीडीएल2 (136.975) एकदम ऐकता येतात. साध्या आरटीएल-एसडीआरची (स्वस्त यूएसबी रिसीव्हर) झेप जेमतेम 2.4 मेगाहर्ट्झ, दोन्हींपैकी एकच मिळेल.

पॅचपाटील: इन्मारसॅट उपग्रह! एल-बँडचा पॅच अँटेना, 1545 मेगाहर्ट्झ, वर जेएरो हा डिकोडर. भर समुद्रावरच्या विमानांचंही दिसतं.

तारवाला: उत्तरेच्या बाल्कनीतून? उपग्रह दक्षिणेला असतो हो. शिवाय एल-बँडवर फक्त जमिनीकडून विमानाला गेलेलं मिळतं. विमानाचं बोलणं सी-बँडवर खाली येतं.

पॅचपाटील: मग गच्चीवर लावा.

हेक्सतोड्या: आधी लिबएकार्स ही लायब्ररी बसवा, मग एकार्सडेक हा एकार्सचा डिकोडर कंपाइल करा. उलटं केलंत तर सीपीडीएलसीच्या (नियंत्रक आणि वैमानिकातले लिखित संदेश) जागी 'एटी1' आणि पुढे नुसती हेक्सची माळ दिसेल. संदेशांची लेबलं: बी1 विमानाची मागणी, ए1 उत्तर, बी2 रीडबॅक, ही साध्या मजकुरात असतात. बीए आणि एए म्हणजे सीपीडीएलसी, बीए विमानाकडून, एए जमिनीकडून. व्हीएचएफला डायपोलचा प्रत्येक हात 54 सेंमी, उभा. पश्चिमेकडे जाणारी गर्दी सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत.

तारवाला: पण ए1मध्ये जुनी लांबलचक क्लिअरन्स शोधत बसू नका. शॅनविक आणि गँडरने (कॅनडाकडचं नियंत्रण) डिसेंबर 2024 मध्ये ती बंद केली. शॅनविकला आरसीएल (क्लिअरन्सची मागणी, तीच बी1) अजून जातं, महासागरी हद्दीच्या प्रवेशबिंदूच्या 90 ते 30 मिनिटं आधी, पण उत्तरात नुसती पोच. मार्ग बदलायचा असेल तर बहुधा सीपीडीएलसीवर कळवतात, म्हणून खरी मजा एएमध्ये.

रेडिओबुवा: म्हणूनच म्हणतोय, एअरस्पाय घ्या.

हेक्सतोड्या: बुवा, बजेट वाचलंत का?

डब्लिनकर: आभार. आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही4 आणि 10 मीटर तार घेतोय, एचएफडीएलसाठी (शॉर्टवेव्हवरचा, लांब पल्ल्याचा डेटालिंक). शॅननचं 8843 आणि रेक्याविकचं 8977 किलोहर्ट्झ एकाच 250 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात बसतात.

तारवाला: एचएफवर क्लिअरन्सपेक्षा स्थितीचे अहवालच जास्त मिळतील, सांगून ठेवतो. व्ही4ला त्यांचाच ड्रायव्हर टाका, जुन्यावर एचएफ धड चालत नाही. आणि तार चार्जर, एलईडी दिव्यांपासून लांब.

पॅचपाटील: गच्चीची परवानगी मागून तरी बघा.

डब्लिनकर: ऑर्डर टाकली.